करंजीचं कातणं कुठे गेलं?

मातीकाम करणारा माणूस घरात आहे, हे ओळखायला शोकेसमधली भांडी बघावी लागत नाहीत. त्या घरात काहीही फेकलं जात नाही, एवढी एक खूण पुरते. कणीस खाऊन झालं की उरलेला दांडा धुऊनपुसून खिडकीत वाळत पडतो. छत्री मोडली तर काड्या वेगळ्या, मूठ वेगळी आणि कापड "असू दे, बघू" म्हणून माळ्यावर. मुदत संपलेलं डेबिट कार्ड बँकेच्या सूचनेप्रमाणे कात्रीने कापलं जातं खरं, पण ते कडेला दात पाडण्यासाठी. हवाई चप्पल तुटली की पूर्वी घरात हळहळ व्हायची. आता आनंद होतो, कारण तळव्याचं रबर ब्लेडने सुरेख कोरलं जातं.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत त्यांचा मातीशी संबंध आला तो धरणाच्या भरावापुरता, म्हणजे माती डंपरने मोजायची आणि रोलरने दाबायची. निवृत्तीनंतर काय करायचं, यावर घरात तीन प्रस्ताव आले: सोसायटीचं सचिवपद, हार्मोनियम आणि मातीकाम. पहिल्याने शत्रू वाढतात, दुसऱ्याने शेजारी घर सोडून जातात, म्हणून तिसरा एकमताने मंजूर झाला. सुरुवातीला काही वाट्या घरी आल्या. त्यांना वाट्या म्हणायचं असं आमचं ठरलं.

मग क्लासच्या मॅडमनी मातीवर पोत उमटवायला शिकवलं आणि जाता जाता म्हणाल्या, "यासाठी महागडी हत्यारं विकत घेऊ नका. घरातलंच काही वापरा, नाहीतर स्वतः बनवा." टाचण्यांच्या एका डबीसाठी तीन दरपत्रकं मागवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या कानावर "विकत घेऊ नका" हे शब्द पडले. त्या दिवसापासून वाट्या बंद झाल्या आणि हत्यारं सुरू झाली.

"घरातलंच" म्हणजे कुणाचं, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. ते मला दिवाळीच्या तोंडावर कळलं.

एक मात्र खरं, मराठी स्वयंपाकघराइतकं मातीकामाच्या हत्यारांचं सुसज्ज भांडार दुसरं नसेल. फराळाची सगळी अवजारं मूळची मातीकामाचीच असावीत, असा संशय येतो. क्लासमध्ये भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं एक लोखंडी यंत्र आहे. नळकांड्यात माती भरायची, दांडा खाली ओढायचा, की पुढच्या ताटलीतल्या भोकाच्या आकाराची लांबलचक वळी बाहेर पडते. विद्यार्थी त्याच्याकडे मोठ्या आदराने बघतात. मी पाहिलं तेव्हा भाजणीचा वास तेवढा यायचा बाकी होता. आमच्या सोऱ्याच्या चकलीच्या ताटलीतून माती काढली तर कंगोरे असलेली वळी निघते, ती कपाला कान म्हणून झकास बसते. पुरणयंत्राच्या जाळीतून माती दाबली की सिंहाची आयाळ तयार. किसणी उलटी टेकवली की फणसाची साल. पाटा-वरवंट्यावर आता वाटण होत नाही आणि पाटा फेकवतही नाही. पण त्यावर मातीची पोळी थापली की टाकी लावलेल्या पाट्याचा ठिपका न् ठिपका मातीत उतरतो. आणि करंजीचं कातणं! मातीच्या पट्टीवरून एकदा फिरवलं की नागमोडी काठ.

"अहो, कातणं कुठे गेलं?"

"कुठलं? मोठ्या दातांचं की बारीक?"

"आपल्याकडे एकच होतं."

"आता तीन आहेत."

दुसरं होतं सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच. त्याच्या मधोमध भोक पाडून ते खिळ्यावर सैल बसवलं होतं आणि खिळा एका जुन्या लाटण्याच्या तुकड्यात ठोकला होता. पूर्ण लाटणं कुठे आहे, हे मी विचारलं नाही. तिसरं मात्र खास त्यांच्या हातचं होतं आणि ते बनवताना मी जवळून पाहिलं आहे. अंगठ्याच्या पेराएवढी मातीची गोळी करून तिला नळीचा आकार द्यायचा. मधून विणायची सुई आरपार घालून भोक पाडायचं. मग ती तशीच ठेवून द्यायची. अर्धवट सुकली की छत्रीच्या काडीने तिच्या पाठीवर नक्षी कोरायची: तिरप्या रेघा, ठिपके, कोयऱ्या, जे जमेल ते. कोरताना उडालेला भुसा फुंकायचा नाही, मऊ ब्रशने झाडायचा. पूर्ण वाळली की झिलई न देता भाजायची आणि शेवटी सायकलच्या स्पोकवर ओवायची. ओल्या मातीवरून फिरवली की नक्षीचा अखंड पट्टा उमटतो, आणि पट्टा उमटत असताना आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर कालव्याला पहिलं पाणी सुटल्याचा भाव असतो.

झिलई का द्यायची नाही, यालाही कारण आहे. कमी तापमानाला भाजलेली बिनझिलईची माती पाणी शोषून घेते, त्यामुळे ओल्या मातीला ती चिकटत नाही. स्टीलची वाटी किंवा प्लॅस्टिकचं झाकण दाबलं तर उचलताना निम्मी नक्षी त्यालाच चिकटून येते. त्यावर उपाय म्हणजे कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं. आमच्याकडे आता सूप पातळच होतं. छताच्या कामातून उरलेलं प्लास्टर ऑफ पॅरिसही हे एकदा ठसे पाडायला घेऊन गेले होते. मॅडमनी ते दारातूनच परत पाठवलं. प्लास्टरचा एखादा कण मातीत मिसळला तर भांडं भाजून झाल्यावर तो हवेतला ओलावा ओढत राहतो, फुगतो आणि एक दिवस वरचा टवका उडवतो. आयुष्यभर ठेकेदारांच्या मालात भेसळ शोधणाऱ्या माणसाला असं अडवलेलं पाहून मला थोडं बरं वाटलं.

या सगळ्या हत्यारांची नोंद ठेवण्यासाठी एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात "जडसंग्रह नोंदवही" असं लिहिलेलं आहे. रकाने चार: अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, प्राप्तीचा स्रोत, शेरा. त्यातल्या काही नोंदी अशा:

"१७. दात घासण्याचा ब्रश, जुना. स्रोत: सौ. शेरा: जुना असल्याबाबत सौ. सहमत नाहीत."

"२३. बाटलीचे बूच, खिळ्यावर बसवलेले. स्रोत: सोसायटीचा जिना. शेरा: उत्तम फिरते."

"३१. क्रोशाचा रुमाल, टीव्हीवरील. स्रोत: कै. मातोश्री. शेरा: पोत अतिशय नाजूक. धुऊन परत ठेवला. कुणास कळले नाही."

मला ते कळलं होतं. टीव्हीवर विटकरी रंगाचा रुमाल आमच्याकडे कधीच नव्हता.

मी कचऱ्याच्या डब्याकडे काही नेऊ लागले की हे पुरातत्त्वशास्त्र काढतात. प्रत्येक वस्तूच्या मागे त्यांच्याकडे एक संस्कृती उभी असते. रद्दीच्या गठ्ठ्याची सुतळी फेकायला घेतली, तर म्हणाले, "अगं, जपानमध्ये या सुतळीवरून एका अख्ख्या कालखंडाला नाव मिळालंय." ते खरंच आहे. १८७७ साली एडवर्ड मोर्स नावाचे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ समुद्री जीवांचा अभ्यास करायला जपानला गेले. रेल्वेच्या खिडकीतून त्यांना टोकियोजवळ ओमोरी इथे शिंपल्यांचा ढिगारा दिसला. तो खणला तर आतून खापरं निघाली, त्यांच्यावर दोरीचे ठसे. त्या ठशांवरून पुढे त्या काळाला जोमोन म्हणू लागले. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या मडक्यावर वळलेली दोरी फिरवली होती, आणि त्याच्या बायकोने ती फेकली नव्हती. हा शेवटचा निष्कर्ष आमच्या ह्यांचा.

तिसऱ्यांचं सुकं केलं त्या दिवशी शिंपले बेसिनमध्येच अडवले गेले. भूमध्य समुद्राच्या काठावरच्या नवाश्मयुगातल्या लोकांनी शिंपल्याची दातेरी कड मातीत दाबून भांडी सजवली, आणि त्या भांड्यांचा प्रकारच त्या शिंपल्याच्या नावाने ओळखला जातो. कणसाचा दांडा? पश्चिम आफ्रिकेतल्या कुंभारणी तो मडक्यावर फिरवून खरबरीत पोत काढतात. कामाच्या मावशींना हे काही माहीत नव्हतं. त्यांनी एकदा ते दांडे उचलून टाकले आणि घरात मोहेंजोदडो पुन्हा एकदा बुडाल्याचं दुःख झालं. मावशी म्हणाल्या, "साहेब, मी उद्या घरून दहा आणून देते." त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

सगळ्यात मोठं संकट आलं ते भिंतीवरच्या घड्याळावर. सासऱ्यांच्या काळातलं, लंबकाचं, चावीचं घड्याळ. दक्षिण जपानमध्ये ओन्ता नावाचं कुंभारांचं एक छोटं गाव आहे. तिथे चाकावर भांडं फिरत असताना एक लवचीक पोलादी पाती त्यावर अलगद टेकवतात. पाती थरथरत, उड्या मारत जाते आणि वरच्या पांढऱ्या लेपाचे बारीक टवके काढते. खालची गडद माती दिसू लागते आणि क्षणात भांडंभर टिकल्यांची रांग उमटते. ही पाती पूर्वापार जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगपासून बनवतात. हे वाचल्यापासून आमच्या ह्यांची नजर भिंतीवर जाऊ लागली. "तसंही ते दहा मिनिटं मागेच असतं," असं एकदा चहा पिताना सहज बोलून झालं. मी त्या घड्याळाची चावी तेव्हापासून मंगळसूत्राच्या डबीत ठेवते.

ओन्ताबद्दल त्यांना आणखी एका गोष्टीचं कौतुक आहे. तिथे माती कुटायला ओढ्याच्या पाण्यावर चालणारे लाकडी दांडे आहेत. पाणी दांड्याच्या पोकळ टोकात भरतं, टोक खाली जातं, पाणी सांडतं आणि दुसरं टोक मातीवर आदळतं. ना वीज, ना डिझेल. पाटबंधारे खात्याच्या माणसाने हे ऐकून डोळे पुसले असते तरी मला नवल वाटलं नसतं. पण त्याच गावाचा दुसरा रिवाज मी वाचून दाखवला तेव्हा ते गप्प झाले: ओन्ताचे कुंभार भांड्यावर स्वतःचं नाव घालत नाहीत.

कारण तेव्हा आमच्याकडे नावाचा शिक्का बनत होता. आडनाव कोरायचं, ते उलटं कोरायचं, कारण ठशात ते सुलटं उमटतं. इंजिनिअर माणूस, त्यामुळे आरशात बघून ते अगदी बरोबर उलटं कोरलं गेलं. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते. त्यांच्या मातीचं हे आकसणं साधारण १० टक्के. शिक्का भाजला तेव्हा तो आकसला. त्याने ज्या वाटीवर ठसा मारला, ती भाजली तेव्हा ठसा पुन्हा आकसला. म्हणजे ३० मिलिमीटरचं नाव आधी २७ चं झालं आणि मग जेमतेम २४ चं. निवृत्त माणसाचं नाव हळूहळू लहान होत जातं हे आम्हाला ठाऊक होतंच, फक्त सूत्र मिळालं नव्हतं.

इतकी हत्यारं जमली, तरी ठसा चांगला उमटेल की नाही, हे हत्यार ठरवत नाही. ते ठरवते वेळ. माती फार ओली असेल तर ठसा रुततो आणि चिकटतो, फार सुकली असेल तर तडा जातो. मधली एक अवस्था असते, चामड्याइतकी कडक. मॅडमची परीक्षा सोपी आहे: बोटाने दाबलं तर खूण उमटली पाहिजे आणि बोट स्वच्छ निघालं पाहिजे. ही अवस्था मे महिन्यातल्या पुण्यात चहाला उठलं तेवढ्यात येऊन निघून जाते. जुलैत मात्र ती येतच नाही. पंख्याखाली ठेवा, खिडकीत ठेवा, भांडं पाऊस बघत ओलंच बसून राहतं. शिवाय बाहेरून ठसा दाबताना आतून हाताचा आधार द्यावा लागतो, नाहीतर नक्षी उमटते आणि भांडं बसतं. कुंभार मडकं थापटतो तेव्हा बाहेरून लाकडी थापटणं आणि आतून गोल दगड धरतो, त्यामागेही हेच कारण. गोरोबाकाकांनी तेरला त्याच थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्याची कथा आहे. आतून आधार द्यायला तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून नामदेव रागावले असतील.

त्यांचं पुरातत्त्व ऐकून ऐकून मीही थोडं वाचलं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीकाठी शेती करणारी माणसं तिथे राहत होती. त्यांच्या धान्याच्या जाडजूड रांजणांवर मातीची पट्टी चिकटवून नक्षी केलेली सापडते, आणि ती नक्षी बोटांच्या पेरांनी दाबून काढलेली आहे. स्पोक नाही, बूच नाही, क्रोशा नाही. मी ते पान ह्यांच्यापुढे ठेवलं. बराच वेळ शांतता होती. मग वही उघडली गेली आणि नोंद झाली: "४६. बोट, उजवे, तर्जनी. स्रोत: स्वतः. शेरा: कायमस्वरूपी."

तरीही सोन्याचं प्रकरण व्हायचं ते झालंच. पुतणीच्या लग्नासाठी तोडे काढले, तर हंसांच्या नक्षीच्या खाचांत लाल माती.

"हे काय?"

"पूर्ण निघाली नाही वाटतं. तेल लावलं होतं, चिकटली नसणार असा अंदाज होता."

"माझे तोडे मातीत दाबले?"

"अगं, फक्त वरून. वजन तेवढंच आहे, करून बघितलं."

वहीत नोंद होतीच: "स्रोत: सौ., तात्पुरत्या स्वरूपात." पण एवढं सांगायला हवं, की त्या तोड्यांचा ठसा घेऊन केलेली टाइल ही त्यांच्या हातून झालेली आजवरची सर्वांत देखणी वस्तू आहे. येणारा-जाणारा विचारतो. सोनाराच्या हातची नक्षी, त्यात हिरवट झिलई खाचांत साठून गडद झालेली आणि उंचवट्यांवर पातळ होऊन उजळलेली. पोत काढायचा तो याच साठी. सपाट भांड्यावर झिलईचा एकच रंग दिसतो, पोतावर त्याचे दोन दिसतात.

पणत्या आणायला आम्ही कुंभारवाड्यात गेलो, तेव्हा हे एका म्हाताऱ्या कुंभारापाशी बसले. समोर चाकावर माठ फिरत होता. त्याची सगळी हत्यारं एका घमेल्यात मावत होती: ओली चिंधी, दोरा, थापटणं, दगड आणि अर्धा तुटलेला कंगवा. त्याने कंगवा माठाच्या खांद्याला टेकवला आणि उचलला. तेवढ्यात पाच समांतर रेघांचा गोल पट्टा पूर्ण झाला होता.

"कंगवा कधीपासून वापरता?" ह्यांनी विचारलं.

"केस गेले तवापासून."

आमच्या ह्यांनी खिशातून मोठ्या अदबीने आपली स्पोकवरची फिरकी काढून दाखवली. म्हातारबाबांनी ती फिरवून बघितली, चांगली झालीय म्हणाले आणि विचारलं, "अशी किती हायत?"

ह्यांनी आकडा सांगितला. म्हातारबाबा मनापासून हसले. "मग मडकी किती केली?"

हा प्रश्न वहीच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

माझ्या मते मातीवर पोत उमटवण्याची हत्यारं बनवणं हा स्वतंत्र छंद आहे आणि त्याला मातीकामाच्या नावाखाली दडवून ठेवायचं कारण नाही. तो स्वस्त आहे, आवाज करत नाही आणि माणूस दिवसभर घरातल्या वस्तूंकडे निरखून बघायला शिकतो. चाळीस वर्षांच्या संसारात ज्यांना किसणी कुठे असते हे ठाऊक नव्हतं, त्यांना आज घरातल्या तिन्ही किसण्यांच्या भोकांचा व्यास तोंडपाठ आहे. हा फायदा लहान नाही.

फक्त ज्यांच्या घरात हा छंद शिरला आहे किंवा शिरू पाहतो आहे, त्यांना दोन सूचना. एकदा माती लागलेली वस्तू पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. झिलईतली रसायनं आणि मातीची बारीक पूड जाळीत, खाचांत अडकून राहते आणि ती पोटात जाऊ नये. अशा वस्तूवर लाल रंगाची खूण करा, म्हणजे ती चुकून चकलीला जाणार नाही. आणि दिवाळीच्या आधी बाजारात जाऊन करंजीची दोन कातणी घ्या. स्वस्त मिळतात. एक ज्याचं त्याला देऊन टाका, दुसरं दागिन्यांबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.